संकासुर खरं बोलायला लागला तर

॥ श्री गुरवे नमः ॥

पार्से आणि आसपासच्या सर्व गुरुबंधू-भगिनींना, तसंच नोकरीधंद्यासाठी दूर असलेल्या आपल्या कुटुंबांना सप्रेम नमस्कार.

या वेळचं पत्र पाठवायला उशीर झाला. विषय आमच्याच चुकीचा आहे, आणि स्वतःच्या चुकीवर लिहिताना हात जरा जड होतो.

गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी सत्संगात अनुभव सांगायची वेळ आली, तेव्हा आपल्यातले एक गुरुबंधू उभे राहिले. त्यांना विचारूनच हे लिहितो आहोत, नाव मात्र नको असं ते म्हणाले. त्या दिवशी हजर असलेल्यांना ते कळेलच. गेली वीस-बावीस वर्षं जत्रेच्या काल्यात ते संकासुर करतात. हात जोडून त्यांनी सुरुवात केली, "सहा महिने झाले, आमच्या घरात कोणी धड झोपलेलं नाही." मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं. ते जरा थांबले आणि म्हणाले, "खरेंच सांगतां." झालं! सगळी खोली हसायला लागली. कारण हे "खरेंच सांगतां" म्हणजे त्यांच्या संकासुराचं हुकमी वाक्य. प्रत्येक थापेनंतर तो तेच म्हणतो, आणि वीस वर्षं आपण त्यावर हसत आलो आहोत.

त्यांनी एकदा सगळीकडे बघितलं. मग डोळे गरगर फिरवले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "डांसांनी हो! डांसांनी झोपूं दिलें ना!" खोली पुन्हा हसली. ते बसले, आरती झाली, प्रसाद वाटला गेला.

आठ दिवसांनी शेजाऱ्यांकडून कळलं की त्यांच्या पत्नीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. ते तेच सांगायला उभे राहिले होते.

आम्हीही हसलो होतो. हे पत्र लिहिणारे आम्ही चौघं पुढच्याच रांगेत होतो.

तेव्हापासून आमच्यात एक बोलणं चाललं आहे, ते आज तुमच्यापुढे ठेवतो. माणसाने आपली भूमिका सोडून वेगळं वागायचं ठरवलं, तर खोटा कोण? तो, की त्याला जुन्याच भूमिकेत बसवणारे आपण?

आपल्या काही घरांतली मुलं पुण्यामुंबईत, तर काही आखाताकडे वाढली. त्यांच्यासाठी आधी संकासुर कोण ते सांगायला हवं. आपल्या पेडणे भागात आणि तेरेखोल ओलांडून सिंधुदुर्गात जत्रांच्या दिवसांत रात्रभर दशावतार चालतो. वेंगुर्ल्याच्या एका जुन्या दशावतारी मंडळाचं तर नावच पार्सेकर! पालखी झाली की देवळापुढे खेळ उभा राहतो. एक बाकडं, पायपेटी, मृदंग, झांज, बस्स. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, मोरावरची सरस्वती. मग ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा संकासुर येतो, आणि विष्णू त्याला मारतो. त्यानंतर रात्रीचं आख्यान. बायकांची कामं पुरुष करतात. सकाळी दहीहंडी फुटते आणि काला होतो, म्हणून आपण त्या सगळ्यालाच काला म्हणतो.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे संहिता लिहिलेली नसते. आख्यान कोणतं ते ठरतं, कोण कोण येणार ते ठरतं, आणि संवाद ज्याने त्याने तिथल्या तिथे रचायचे. दुसरी गोष्ट भाषेची. देव, राजे, ऋषी सगळे पुस्तकी मराठी बोलतात, "हे प्रिये" वगैरे. एकटा संकासुर आपण घरात बोलतो ती भाषा बोलतो. गावातल्या बड्या लोकांना टोमणे मारायची मुभाही त्यालाच. म्हणजे बघा, सबंध रात्रीत ज्याचं बोलणं आपल्या बोलण्याच्या सगळ्यात जवळचं, त्याचंच आपण कधी खरं धरत नाही.

पहाटे तोच माणूस खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग पुसतो. रात्री ज्या विष्णूच्या पाया म्हाताऱ्या बायका पडल्या, तो सकाळी त्याच बायकांकडे चहा मागतो आणि त्या देतात. कुणाचाच गोंधळ होत नाही. राक्षस झालेला माणूस गावात सगळ्यांत सालस असू शकतो, द्रौपदी झालेल्याला घरी दोन नातवंडं असू शकतात, हे आपल्याला बालपणापासून ठाऊक आहे. मग गुरुवारी संध्याकाळी ते आम्ही विसरलो कसे?

पडद्यावरच्या नटांच्या बाबतीत ही विसर आणखी मोठी आहे. निळू फुल्यांचं उदाहरण घ्या. आपल्याच ग्रुपांवर 'वाड्यावर'चा विनोद त्यांच्या फोटोसकट महिन्यातून एकदा तरी फिरतो. १९३० साली पुण्यात जन्मलेला हा माणूस राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात तो माळीकाम करायचा. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्याने नाव झालं, १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'ने सिनेमात आणलं, आणि मग सरपंच, पाटील, साखरसम्राट अशा बेरकी, बाईलंपट भूमिकांची रांगच लागली. काम इतकं अस्सल की गावोगावच्या बायका त्यांना खरोखर वाईट समजायच्या, असं सांगतात. प्रत्यक्षात सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी निधी उभा करायला डॉ. श्रीराम लागू आणि इतर कलावंतांबरोबर नाटकाचे प्रयोग करत फिरणाऱ्यांत ते होते.

एवढं झाल्यावर १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये जब्बार पटेलांनी त्यांना दिगू टिपणीस या पत्रकाराचं काम दिलं. त्यात हा माणूस काहीच 'करत' नाही. खांद्याला झोळी, भोवती राजकारण्यांचे डाव, आणि तो फक्त बघत राहतो. शेवटी तर त्याचं डोकंच फिरतं. ज्याच्या नुसत्या हसण्याने लोक सावध व्हायचे, त्याचं ते शेवटचं हसणं बघताना पोटात तुटतं. ज्यांनी तो सिनेमा बघितलेला नाही त्यांनी जरूर बघावा. तरी २००९ साली निळूभाऊ गेले, आणि आज आपल्या मोबाईलवर उरला आहे तो वाडाच. दिगू टिपणीसाचं स्टिकर आम्हांला तरी कोणी पाठवलेलं नाही.

याच्या उलट उदाहरण दिलीप प्रभावळकरांचं. २०२५ च्या सप्टेंबरात 'दशावतार' चित्रपट आला, तेव्हा आपल्याकडची कितीतरी घरं एकत्र बघायला गेली होती. नजर जात चाललेला म्हातारा दशावतारी त्यांनी केला, आणि पोराने कितीही सांगितलं तरी त्याचा पाय रंगमंचावरून निघत नाही. हाच नट चिमणराव, हाच 'झपाटलेला'मधला तात्या विंचू, हाच 'चौकट राजा'मधला नंदू आणि हाच 'लगे रहो मुन्नाभाई'तला गांधीजी. त्यांना कुठल्याच एका चौकटीत बसवायला आपल्याला वेळ मिळाला नाही, कारण ते बसलेच नाहीत. पण हे जमायला हाती भूमिका याव्या लागतात. गावातल्या माणसाला गाव एकच भूमिका देतं आणि बहुतेकदा ती आयुष्यभर पुरवतं. हा चेष्टेखोर, ही भांडकुदळ, तो कर्जबुडवा, ती बिचारी. दारू सुटून दहा वर्षं झालेल्या माणसालासुद्धा लग्नात ग्लास हातात दिसला की आपण विचारतो, "सरबतच ना रे?" विचारणारा हसतो. ज्याला विचारलं तोही हसतो, दुसरं करणार काय?

इथे कोणी म्हणेल, जग हे नाटकच आहे, आपली भूमिका करावी आणि अलिप्त राहावं, हेच तर संतांनी सांगितलं. बरोबर आहे. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात माऊलींनी बहुरूप्यांचा दृष्टांत दिला आहे. बहुरूपी राजा-राणीचं सोंग आणतात. मी राजा, मी राणी, मी पुरुष, मी स्त्री असा भाव त्यांच्या मनात नसतो, तरी लोकांपुढे सोंग जसंच्या तसं वठवतात. ज्ञानी माणूस संसारात असा वागतो, हा त्याचा भाव.

आमचं म्हणणं एवढंच की हा दृष्टांत स्वतःकडे बघायला दिला आहे. दुसऱ्याच्या गळ्यात भूमिका अडकवायला तो वापरायचा नसतो. आपण नेमकं तेच करतो. मध्यंतरी एका भगिनीने ग्रुपवर लिहिलं, की चांगली सून, चांगली सून म्हणवून घेऊन आता थकवा आला आहे. ताबडतोब उत्तर आलं, "ताई, सगळी सोंगं आहेत, आपण आपलं पात्र निभावावं." त्याला चौदा जणांनी हात जोडले. ती काय म्हणाली होती, कशाने थकली होती, हे एकानेही विचारलं नाही. तिचा तो मेसेज दुसऱ्या दिवशी दिसेना, तिनेच पुसला असावा. बहुरूप्याला सोंग उतरवायला घर असतं. जिचं घर हाच मांड आहे, तिने रंग कुठे पुसायचा?

आपल्या मोरजी-आश्वेकडच्या हॉटेलांत आठ-आठ तास हसतमुख उभ्या राहणाऱ्या मुलींचं बघा. तिथलं हसणं हा नोकरीचा भाग, त्यांना ते माहीत आहे, पगार मिळतो. घरी आल्यावर तोंड उतरलेलं दिसलं की आपण म्हणतो, "पाव्हण्यांशी गोड, आमच्याशी अशी!" यावर अधिक लिहीत नाही, आमच्याही घरांत मुली आहेत.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. अपेक्षा म्हणजे सगळी बेडीच असं नाही. आईला मन नसताना पहाटे उठावं लागतं, मास्तरला घरचं भांडण वर्गाच्या बाहेर ठेवावं लागतं. भूमिकेवर भरवसा ठेवूनच दुसरी माणसं जगत असतात. बालगंधर्वांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. १२ मार्च १९११, 'मानापमान'चा पहिला प्रयोग, आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. मंडळी प्रयोग पुढे ढकलायला तयार होती, पण त्यांनीच आग्रहाने रंग चढवला आणि भामिनी उभी केली. आम्ही ही गोष्ट आजवर कर्तव्यनिष्ठेचं उदाहरण म्हणून सांगत आलो. या महिन्यात ती पुन्हा आठवली, तेव्हा मुलीच्या आईचा विचार पहिल्यांदा मनात आला. तिची गोष्ट कोणी सांगत नाही. तरीही एक फरक राहतोच. थांबण्याची वाट बालगंधर्वांना मोकळी होती, मुखवटा त्यांनी स्वतः घेतला. आमच्या गुरुबंधूंनी त्या गुरुवारी डोळे गरगर फिरवले, तेव्हा त्यांच्यापुढे दुसरी वाटच आम्ही ठेवली नव्हती.

दर वेळी उलटं वागून लोकांना चकित करणं म्हणजे सुटका असंही नाही. बापाने पूर्व म्हटली की हटकून पश्चिमेला जाणारा मुलगाही बापाच्याच तालावर चालतो, फक्त पाठमोरा. इथे दशावतार पुन्हा आठवतो. संकासुर शेवटी मरणार हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ते बदलायला कोणी जात नाही. पण मरण्याआधी तो काय बोलणार हे कोणालाच माहीत नसतं, खुद्द त्यालाही. आख्यान ठरलेलं, शब्द ज्याचे त्याचे. बाप, सून, नोकरदार, भक्त अशा भूमिका आपल्याही वाट्याला येतात आणि त्यातल्या बऱ्याच टाळता येत नाहीत. निदान तोंडातलं वाक्य तरी आपलं असावं, आणि समोरच्याने ते संपेपर्यंत ऐकावं.

भक्त हा शब्द आत्ता सहज लिहून गेलो, पण त्यावर थांबायला हवं. १९७२ चा शांतारामबापूंचा 'पिंजरा' जुन्या मंडळींना पाठ असेल. गोष्टीचं मूळ एका जर्मन कादंबरीत आहे, पण ती इथल्या मातीत इतकी मुरली की परकी वाटत नाही. गावाला वळण लावणारे गुरुजी एका तमासगिरणीच्या नादी लागतात. दुसऱ्याच माणसाचं प्रेत त्यांचं समजलं जातं, गुरुजी मारले गेले असं गाव धरून चालतं आणि त्यांचा पुतळा उभा करतं. शेवटी जिवंत गुरुजींवरच गुरुजींच्या खुनाचा आळ येतो. ते खरं काय ते सांगत नाहीत. आदर्श जिवंत राहावा म्हणून फाशी जातात. लहानपणी आम्हांला हा थोर त्याग वाटायचा. आता पुतळ्याचीच भीती वाटते. गावाला माणूस परत मिळत होता, पण तो मागावा असं गावाने ठेवलंच नव्हतं.

आपल्या सत्संगातही असे लहान लहान पुतळे आहेत. गुरुवारी पांढरा सदरा घातला की आपण 'समाधानी साधक' होतो. कोणी विचारलं कसं काय, तर "गुरुकृपेने उत्तम." घरी हप्ते थकलेले असतात, मुलगा बोलत नसतो, जपात मन लागत नसतं. अनुभवकथनात फक्त गोड शेवटाचे अनुभव येतात, हे तुमच्या लक्षात आलं आहे का? संकट आलं, नाम घेतलं, संकट टळलं. आमचे हे गुरुबंधू उभे राहिले ते अजून न टळलेलं संकट घेऊन. त्यांच्या संकासुरामुळे आम्ही हसलो हे अर्धंच खरं. न संपलेलं दुःख ऐकायची आम्हांला सवयच नव्हती, हे उरलेलं अर्धं. संकासुर नसता, दुसरा कोणी असता, तर आम्ही हसलो नसतो, पण "सगळं ठीक होईल" म्हणून दोन मिनिटांत खाली बसवलं असतं.

गेल्या रविवारी आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसलो, माफी मागितली. ते फार अवघडले. म्हणाले, "अहो, कसली माफी? तुम्ही हसलात म्हणून मी सुटलो. नाहीतर सगळ्यांसमोर रडलो असतो. ते बरं दिसलं असतं?" आम्हांला हायसं वाटलं, खोटं कशाला बोला. म्हणजे मुखवट्याने त्यांना वाचवलंच की, असा विचार आमच्या मनात येतो न येतो तोच आतून वहिनींचा आवाज आला, "ह्यांचं काय ऐकता? त्या रात्री घरी येऊन जेवले नाहीत ते."

कोणीच काही बोललं नाही. मग त्यांनीच विषय बदलला, यंदाच्या जत्रेला कुठलं आख्यान लागणार यावर. वहिनींनी चहा केला. आम्ही नको नको म्हणत होतो, तर म्हणाल्या, "आजारी बाईने चहा करू नये असं कुठे लिहिलंय?" चहा चांगला झाला होता, आणि आम्ही कप तिथेच ठेवून निघालो नाही, आत नेऊन विसळले.

निघताना त्यांना विचारलं, येत्या गुरुवारी पुन्हा बोलाल का? ते म्हणाले, "बघुया." मग थोड्या वेळाने अंगणापर्यंत आले आणि म्हणाले, बोलतो, पण कोणी मोबाईलवर काढू नका.

तेव्हा सर्वांना विनंती, येत्या गुरुवारी सत्संग नेहमीप्रमाणे संध्याकाळी साडेपाचला सुरू होईल. अनुभवकथन या वेळी आरतीच्या आधी नसून सुरुवातीलाच आहे. मोबाईल बाहेरच्या टोपलीत ठेवावेत. वहिनींना डायलिसिसला न्यायला मंगळवार आणि शुक्रवारी गाडी लागते. ज्यांना एखादा दिवस जमेल त्यांनी ग्रुपवर न लिहिता आम्हांला वेगळा निरोप पाठवावा. जत्रेच्या रात्री संकासुर तेच करणार आहेत. तेव्हा मात्र पुढे बसायला लवकर या, मागून ऐकू येत नाही.

जय गुरुदेव.